उन्हाळ्यात फिश टँक थंड कसा ठेवायचा: बेळगाव ते अथणीपर्यंतच्या नव्या मंडळींसाठी

बेळगावला जुनी माणसं गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. त्या भरवशावर इथं टँक घेणारे उन्हाळ्याचा विचारच करत नाहीत. दुकानदारही डिसेंबरच्या थंडीसाठी हीटर आवर्जून देतो, एप्रिलसाठी काही देत नाही. पण एप्रिलच्या दुपारी शहरात पारा ३६-३७ पर्यंत सहज जातो आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडं त्याच्याही पुढं. पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल, तर रात्री दहालाही खोलीतली हवा निवलेली नसते. अशा घरात दोन फुटी टँकचं पाणी दोन-तीन दिवसांत ३२-३३ अंशांवर जातं.

पहिला किंवा दुसरा उन्हाळा काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, आणि बर्फाच्या बाटल्या घेऊन पळणाऱ्यांना ते लवकर पटत नाही: टँक बर्फानं थंड राहत नाही, वाऱ्यानं राहतो. बाकीच्या पायऱ्या त्या वाऱ्याला मदत करण्यासाठी.

होळी झाली की जमवून ठेवायचं साहित्य

- थर्मामीटर. काचेचा, आत बुडणारा. बाहेरून चिकटवायची पट्टी नको, ती पाण्याइतकंच खोलीचं तापमान दाखवते.
- एअर पंप, नळी, बुडबुडे काढणारा हवेचा दगड (एअर स्टोन) किंवा स्पंज फिल्टर, आणि नळीत बसवायचा उलट-झडपेचा छोटा तुकडा.
- १२ व्होल्टचे कॉम्प्युटरचे एक-दोन पंखे आणि त्यांचा ॲडॉप्टर, किंवा क्लिपवाला छोटा पंखा.
- मच्छरदाणीची जाळी, टँकच्या मापाची.
- बॅटरीवर किंवा पॉवर बँकवर चालणारा एअर पंप.
- झाकणाच्या दोन बादल्या, फक्त टँकसाठी. साबण न लागलेल्या.
- जमल्यास टेंपरेचर कंट्रोलर (एसटीसी-१००० सारखा), म्हणजे ठरवलेल्या आकड्याला पंखा आपोआप चालू-बंद करणारा.

चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, नाव यादीत नाही. टँकपेक्षा चिलर महाग पडतो, आणि साध्या माशांसाठी आपल्या भागात त्याची गरज लागत नाही.

१. आधी आकडा बघा, मग धावपळ करा

थर्मामीटर लावल्यावर आठवडाभर दोनदा आकडा बघा: सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारी चारच्या सुमारास. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं, त्यामुळं बाराला २८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सकाळ-दुपारच्या आकड्यांत फरक किती पडतो तेही टिपून ठेवा. रोज २७ ते ३० असा झोका घेणारा टँक आणि कायम २९ वर राहणारा टँक, यांत माशांना दुसरा बरा.

टँकमध्ये पाणी किती मावतं तेही काढून ठेवा. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ नं भागा. २४ बाय १२ बाय १२ चा टँक ५६ लिटरचा भरतो. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की हातात ५० लिटर धरा. खालचे हिशेब याच ५० लिटरवर आहेत.

२. तुमचे मासे किती सोसतात

सगळ्या ‘ट्रॉपिकल’ माशांना गरम पाणी आवडतं हा गैरसमज आहे. गप्पी आणि मॉली २८ पर्यंत मजेत असतात. एंजल आणि फायटर ३० ला कुरकुरत नाहीत. डिस्कसला तर २८ ते ३० च लागतं. पण निऑन टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरी २६ च्या आतले मासे. आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, त्याला २४ च्या वर गेलेलं आवडत नाही. आपल्याकडं सगळ्यात जास्त खपतो तोच, आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मरतो तोही तोच.

अथणी-रायबागकडं वरच्या मजल्यावर राहत असाल तर गोल्डफिश घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. खानापूर-जांबोटीच्या बाजूला कौलारू घरात तो तुलनेनं सुखी राहील.

नवे मासे घ्यायचेच असतील तर एप्रिल-मे टाळा. टाळता येत नसेल तर संध्याकाळी घ्या. कोल्हापूर-मिरजेहून भर दुपारच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन आलेला मासा घरी पोचतो तेव्हाच अर्धा थकलेला असतो.

३. टँकला तापवणारं घरातच काय आहे ते शोधा

थंड करायच्या आधी तापवणं बंद करा. यात पैसे लागत नाहीत, म्हणून लोक ही पायरी सोडतात.

सगळ्यात आधी हीटर. आपल्याकडं जानेवारीत पहाटे १४-१५ अंश होतात, म्हणून हीटर बसवलेला असतो, आणि तो मार्चमध्येही पाण्यातच राहतो. ‘ऑटोमॅटिक आहे, आपोआप बंद होतो’ हे खरं, पण त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर एप्रिलमध्ये तुम्हाला कळणारही नाही. होळीनंतर प्लग काढा, अर्धा तास पाण्यातच निवू द्या, मग बाहेर काढून पुसून ठेवा.

मग लाईट. हूडमध्ये जुनी ट्यूब आणि चोक असेल तर ती टँकच्या डोक्यावरची शेगडीच. एलईडी पट्टी लावा, आणि ती संध्याकाळी चार-पाच तासच. पाण्यात बुडालेल्या पॉवर फिल्टरची मोटरही आपली उष्णता पाण्यातच सोडते. पन्नास लिटरच्या टँकमध्ये मोठ्या टँकचा फिल्टर बसवला असेल तर तो बदलून लहान बसवा, किंवा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरा.

जागेचं म्हणाल तर सोप्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोर टँक शोभून दिसतो खरा, पण दुपारी तीनपासून सहापर्यंत ऊन तिथंच येतं. फ्रीजच्या मागं, इन्व्हर्टरच्या शेजारी आणि टीव्हीच्या वरही नको. मधल्या खोलीत जमिनीच्या जवळचं स्टँड सगळ्यात उत्तम. भरलेला टँक मात्र सरकवू नका, तळाची काच तडकते. पाणी बरंचसं काढा, मग हलवा.

खिडक्या सकाळी नऊला बंद, रात्री उघड्या. खिडकीला ओलं गोणपाट बांधायची जुनी पद्धत कोरड्या दिवसांत अजूनही चालते. स्लॅबवर चुना मारलात तर टँकबरोबर तुम्हीही सुखी व्हाल.

४. हवा चोवीस तास

उन्हाळ्यात मासे नुसत्या गरमीनं मरत नाहीत, बऱ्याचदा गुदमरून मरतात. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्यातून बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. इथं हवाच थोडी विरळ, म्हणून त्यातले आणखी सात-आठ टक्के वजा. आणि गरम पाण्यात माशांचं शरीर जास्त वेगानं चालतं, त्यांना प्राणवायू लागतो तोही जास्तच. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते.

म्हणून एअर पंप रात्री बंद करू नका. ‘झोपताना आवाज येतो’ म्हणून बंद करणारी घरं मला माहीत आहेत. टँकमध्ये झाडं असतील तर दिवसा ती प्राणवायू देतात आणि रात्री स्वतःच घेतात, त्यामुळं सगळ्यात कठीण वेळ असते पहाटेची. सकाळी उठून मेलेला मासा दिसतो तो याच हिशेबानं. पंपाखाली फोमचा तुकडा ठेवा, आवाज निम्मा होतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर नळीत उलट-झडप हवीच, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून पंपात उतरतं.

मासे वर येऊन तोंड मारताहेत, गलफडं भराभर हलताहेत, फिल्टरच्या धारेजवळ गर्दी करताहेत, ही धोक्याची खूण. मात्र गुरामी आणि फायटर एरवीही वर येऊन हवा घेतात, ती त्यांची जातच तशी. त्यांच्यावरून अंदाज बांधू नका, टेट्रा आणि गप्पी काय करताहेत ते बघा.

खाणं निम्म्यावर आणा. सकाळी एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं कुजतं, अमोनिया होतो, आणि गरम पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. पीएच ८ असलेल्या पाण्यात २५ अंशांना त्यातला ५ टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, ३० ला साडेसात टक्के. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पीएच एकदा तपासून घ्यावाच.

५. पंखा: खरं काम इथं होतं

काचेचं झाकण काढा. त्या जागी जाळी ताणून बसवा, नाहीतर मासे उडी मारून बाहेर येतात. पंखा एका कडेला, पाण्यापासून चार-पाच इंच वर, किंचित तिरका असा लावा, की वारा पाण्याच्या पूर्ण पृष्ठभागावरून सरकत पलीकडं जाईल. सरळ खाली मारणारा पंखा एकाच जागी खड्डा पाडतो आणि बाकीचं पाणी तसंच राहतं. एअर पंपाचे बुडबुडे वरखाली पाणी फिरवत असले की काम आणखी चांगलं होतं.

हे चालतं कसं, तर माठासारखं. वाफ होताना पाणी आपली उष्णता घेऊन जातं, आणि ती थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेतं. एक लिटरची गोठवलेली बाटली वितळून टँकच्या पाण्याइतकी गरम होईपर्यंत जेमतेम ११० खेचते. म्हणजे दिवसात एक लिटर पाणी उडालं, तर पाच बाटल्या बर्फाचं काम झालं, तेही चोवीस तासांत पसरून, माशांना झटका न देता. पंख्याला वीज लागते ती दोन-तीन वॅट. ‘पाणी फार उडतंय’ म्हणून झाकण परत लावणारे लोक नेमकं हेच काम बंद पाडतात.

पंख्यानं साधारणपणे २ ते ४ अंशांचा फरक पडतो. पण कुठं किती पडेल हे हवेच्या कोरडेपणावर आहे, आणि ते घरच्या घरी तपासता येतं. दुसऱ्या एका थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि चालू पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. जो आकडा येईल तो तुमचा तळ. टँक त्याच्या खाली पंख्यानं कधीच जाणार नाही, त्याच्या वरच कुठंतरी थांबेल. एप्रिलमध्ये हवा ३६ अंश आणि कोरडी, आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर फडकं २२-२३ दाखवतं. तेव्हा पंखा मस्त काम देतो. मेच्या शेवटी हवा ३२ वर उतरलेली असते पण दमट, आर्द्रता सत्तरच्या घरात. तेव्हा फडकं २७ च्या आसपास अडकतं आणि पंखाही तिथंच हात टेकतो. म्हणूनच भट्टीसारख्या अथणीत पंखा जितका उपयोगी, तितका तो खानापूरच्या दमट हवेत नाही. आणि म्हणूनच बंद खोलीत कूलर लावून वर टँकचा पंखा चालवला तर पंख्याचा जोर कमी होतो. खोलीतला दमटपणा बाहेर जायला एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवा.

कंट्रोलर घेतलात तर २७ किंवा २८ ला लावा आणि एक अंशाचा फरक ठेवा. नसेल तर पंखा सकाळी दहाला चालू आणि रात्री दहाला बंद, इतकं पुरतं.

विजेची एक गोष्ट. पाण्यावर टांगलेला पंखा कधीतरी पाण्यात पडतोच. २३० व्होल्टचा टेबल फॅन टँकच्या काठावर ठेवू नका, १२ व्होल्टचाच वापरा. वायर बोर्डाकडं जाताना आधी खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. हात घालायच्या आधी सगळे प्लग काढा.

६. भर कुठल्या पाण्याची घालायची

पंखा लावला की पातळी रोज उतरते. इथं दोन फसगती आहेत.

पहिली: दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळानं सरळ टँकमध्ये सोडणं. ते हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. पाणी पहाटे काढा, किंवा खालच्या संपमधून घ्या. संपचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं.

दुसरी: वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागंच राहतात. रोज बोअरच्या पाण्याची भर घातली तर महिन्या-दोन महिन्यांत टँकचं पाणी जड होतं, काचेवर पांढऱ्या रेघा उमटतात. रोजच्या भरीला आरओचं पाणी वापरा, आणि आठवड्याच्या बदलाला नळाचं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. चोवीस तास उघड्या बादलीत एअर पंप सोडून ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन टाका. मला सगळ्यात आवडलेला मार्ग म्हणजे जुना माठ. खानापूरच्या कुंभारांचे माठ आपल्या बाजारात मिळतातच. आदल्या दिवशी भरून तोंडाला फडकं बांधून ठेवा, क्लोरीनही उडतं आणि पाणीही गार होतं. नवा माठ असेल तर तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा.

माठातलं पाणी टँकपेक्षा फार गार झालं असेल तर एकदम ओतू नका. एका वेळी १० ते १५ टक्के, म्हणजे पन्नास लिटरला पाच-सात लिटर, नळीनं सावकाश. आठवड्यातून दोनदा. मे महिन्यात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी उतरली आणि नळ चार-पाच दिवसांनी आला, तर एकदाच बदला. पण त्या आठवड्यात खाणं आणखी कमी करा.

७. लाईट गेली तर

दुपारी लाईट जाते तेव्हाच पाणी सगळ्यात गरम असतं. इन्व्हर्टर असेल तर एअर पंप आणि १२ व्होल्टचा पंखा त्यावर घ्या, दोन्ही मिळून पाच-सात वॅट, इन्व्हर्टरला जाणवतही नाही. नसेल तर पॉवर बँकवरचा पंप लावा. तोही नसेल तर तांब्यानं टँकमधलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओता, पाच मिनिटं, दर अर्ध्या तासानं. मुलांना हे काम फार आवडतं.

चार तासांहून जास्त बंद राहिलेला बंद डब्यातला (कॅनिस्टर) फिल्टर लगेच चालू करू नका. आत सडलेलं पाणी आधी बाहेर ओता, स्पंज टँकच्याच पाण्यात हलकासा धुवा, मग लावा.

८. आकडा ३२ च्या पुढं गेला तर, याच क्रमानं

टँकची लाईट बंद, झाकण बाहेर, एअर पंप पूर्ण जोरात, खाणं बंद. मग पंखा. मग संपच्या किंवा माठाच्या पाण्यानं १० टक्के बदल.

इतकं करून तासाभरात काही फरक पडला नाही, तरच बर्फ. तोही बंद बाटलीत, पाण्यावर तरंगता, अर्ध्या लिटरची एकच बाटली. पन्नास लिटरमध्ये ती साधारण एक अंश उतरवते. तासाला एक अंशाच्या वर उतरवायचं नाही. बर्फाचे खडे सरळ टँकमध्ये टाकायचे नाहीत, त्यात नळाचं क्लोरीन असतं आणि तिथल्या तिथं थंडीचा झटका बसतो. बाटली संपली की पाणी परत चढतं, म्हणून पंखा चालूच ठेवा.

या वेळी औषधं, निळे थेंब, मूठभर मीठ, काही टाकू नका. मासे आजारी नसतात, त्यांना धाप लागलेली असते.

९. सुट्टीत गावाला जाताना

धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस न खाता आरामात राहतात. त्यापेक्षा जास्त दिवस जायचं तर शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. प्रेमापोटी इतकं घालतील की परत येईपर्यंत पाणी दुधाळ. एक दिवसाआड एक अशा कागदाच्या पुड्या बांधून द्या, डबा कपाटात. भरीच्या पाण्याची बादली झाकून टँकशेजारी, आणि काचेवर एक रेघ: ‘इथपर्यंत.’

१०. वळीव आला की

मेमध्ये एखाद्या संध्याकाळी ढग येतात, गारा पडतात आणि तासाभरात हवा दहा अंशांनी उतरते. तेव्हा पंखा तसाच फिरत राहिला तर टँक रातोरात २३-२४ वर येतो, आणि चार-पाच दिवसांत माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. त्यालाच इच म्हणतात. कंट्रोलर नसणाऱ्यांनी वारा सुटला की आधी पंखा बंद करायचा आणि मग गच्चीवरचे कपडे काढायला जायचं.

मृग लागून पाऊस स्थिरावला की पंखा काढा, पात्यांवरची धूळ आणि क्षार ओल्या फडक्यानं पुसा, ॲडॉप्टरसकट डब्यात ठेवा. झाकण परत बसवा. जुलैत बेळगाव-खानापुरात पाणी २२-२३ पर्यंत उतरतं, तेव्हा एंजल किंवा डिस्कस असतील तर हीटर तपासून २६ ला लावा. तपासायचा तो टँकमध्ये नाही, आधी बादलीभर पाण्यात बुडवून, थर्मामीटर शेजारी ठेवून.